उजेड आणि हिशेब : वाचकांचे प्रश्न

नोकरी न सोडता पोर्ट्रेट काढून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. हा माझाही रस्ता आहे. आठवड्याचे पाच दिवस मी एका कार्यालयात हिशेब बघते आणि शनिवार-रविवारी माणसांचे फोटो काढते. यंदा त्याला १४ वर्षं झाली. त्यामुळे खालची उत्तरं पूर्णवेळ स्टुडिओ चालवणाऱ्यांना कदाचित जमणार नाहीत. ज्यांच्याकडे आठवड्यातला दीड दिवस आणि घरातलं एक कपाट एवढंच भांडवल आहे, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिलं आहे.

ताई, माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. दोन वर्षं पैसे साठवलेत. आता फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी घेऊ की ८५ एमएमची लेन्स? घरात काढलेले फोटो सपाट येतात, चेहरे तेलकट दिसतात. खिडकीपाशी काढलेले मात्र छान येतात.

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. कॅमेरा तोच, लेन्स तीच, चेहरा तोच, तरी खिडकीपाशी फोटो छान येतो. म्हणजे दुखणं उजेडाचं आहे, आणि उजेडाच्या दुखण्यावर नवी बॉडी हे औषध नव्हे. फुल फ्रेम घेतलीत तर तोच सपाट, तेलकट चेहरा आणखी स्वच्छ दिसेल, एवढंच.

साठवलेल्या पैशांतून आधी हे घ्या: हाताने ताकद कमीजास्त करता येईल असा एक फ्लॅश, तो दुरून पेटवणारा ट्रिगर, एक मजबूत स्टँड आणि फ्लॅशचा उजेड पसरवणारी, मीटरभर रुंदीची पांढरी छत्री. स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूची पिशवी घरीच शिवा. छत्रीला वाऱ्याची झुळूक पुरते, आणि समोर बसलेल्या मुलाच्या अंगावर स्टँड कोसळावा असं कुणालाच वाटणार नाही. हे सगळं मिळून फुल फ्रेम बॉडीच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागेल. उरलेल्यातून ५० एमएम एफ १.८ ही साधी लेन्स घ्या (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर ती ७५ एमएमसारखी दिसते आणि चेहऱ्यासाठी फार चांगली आहे.

आता चेहरा तेलकट का दिसतो ते सांगते. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश म्हणजे काड्यापेटीएवढं तोंड असलेला दिवा. एवढ्याशा जागेतून आलेला उजेड कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर चकाकणारा ठिपका उमटवतो आणि सावल्या कात्रीने कापल्यासारख्या पाडतो. शिवाय तो थेट समोरून येतो, म्हणून गालाची गोलाई हरवते. तोच फ्लॅश मीटरभर रुंद छत्रीतून, चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, जरा वरून आणि बाजूने सोडा. चेहऱ्याच्या दृष्टीने दिवा आता खिडकीएवढा झाला. मात्र तीच छत्री चार मीटर मागे नेलीत तर चेहऱ्याला ती पुन्हा लहान वाटते आणि सावल्या परत टोकदार होतात. "छत्री घेतली तरी फरक पडला नाही" असं लिहिणाऱ्या बहुतेकांनी ती फार लांब ठेवलेली असते.

अंतराने आणखी एक गोष्ट साधते. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. छत्री चेहऱ्यापासून १ मीटर आणि भिंत छत्रीपासून ३ मीटरवर असेल तर भिंतीवर चेहऱ्याच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पडतो. पांढरी भिंत गडद करडी दिसायला लागते आणि वेगळं बॅकग्राउंड विकत घ्यायची गरज उरत नाही. छत्री चेहऱ्यापासून ३ मीटरवर आणि भिंत ५ मीटरवर नेलीत तर भिंतीला चेहऱ्याच्या ३६ टक्के उजेड मिळतो, मग ती मागे डोकावत राहते. पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत मात्र छत्रीचा उजेड चहूकडे उधळतो आणि हे गणित बिघडवतो. तिथे काळं कापड टांगा किंवा छत्रीऐवजी सॉफ्टबॉक्स, म्हणजे बाजूंनी बंद आणि समोर पांढरं कापड असलेली पेटी, वापरा.

सुरुवात अशी करा: शटर १/१६० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) २००, एफ ५.६ आणि फ्लॅशची ताकद एक अष्टमांश. पुढे ताकद वरखाली करत जा. बहुतेक कॅमेऱ्यांत साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० पर्यंतच साथ देतो, त्यापुढे गेलं की फोटोच्या कडेला काळी पट्टी येते. खोलीतले इतर दिवे बंद ठेवा, नाहीतर एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर येईल. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा ताव उभा केलात की सावलीही मवाळ होईल.

मेगापिक्सेलची काळजी सोडा. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते. १४ वर्षांत त्याहून मोठी प्रिंट माझ्याकडे मोजक्या वेळा मागितली गेली आहे.

मी कॉलेजला आहे. ८५ एमएम एफ १.८ घेऊ की एफ १.४? मित्र म्हणतो, १.४ शिवाय मागच्या भागाला प्रोफेशनल ब्लर येत नाही.

एफ १.८ घे. फुल फ्रेमवर ८५ एमएम लावून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढलास, तर एफ १.८ ला साधारण साडेतीन सेंटिमीटर खोलीचा भागच नीट फोकसमध्ये येतो. एफ १.४ ला तो अडीच सेंटिमीटरच्या आसपास उरतो. माणसाने मान जरा वळवली की जवळचा डोळा लख्ख आणि दुसरा पुसट होतो. मी पैसे घेऊन काढते ते बहुतेक फोटो एफ ४ वर असतात. तिथे साडेसात सेंटिमीटर मिळतात, म्हणजे दोन्ही डोळे, नाक आणि ओठ आरामात बसतात. कुटुंबातली चार माणसं पुढेमागे उभी असली की एफ ८.

मोठ्या छिद्राची लेन्स पोर्ट्रेटसाठी जन्माला आली ती ब्लरसाठी नव्हे. १८४० मध्ये जोसेफ पेट्झवाल याने पोर्ट्रेटसाठी खास लेन्स आखली, तिचं छिद्र एफ ३.६ च्या आसपास होतं. त्या काळच्या प्लेटा फार मंद होत्या. माणसाला लांबलचक वेळ हलू न देता बसवावं लागे, आणि जास्त उजेड आत घेणारी लेन्स मिळाल्यावर ती शिक्षा पुष्कळ कमी झाली. तुझ्या कॅमेऱ्याला ती अडचण नाही. वाचलेल्या पैशांतून वर सांगितलेली छत्री आणि फ्लॅश घे. ब्लर हवाच असेल तर माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आण.

मी शिक्षिका आहे. रविवारी मुलांचे, कुटुंबांचे फोटो काढते. तासाभराच्या शूटचे माझ्या एका दिवसाच्या पगाराइतके पैसे घेते आणि एडिट केलेले ४० फोटो देते. लोक खूश असतात. पण वर्षाअखेरीला हातात काही उरत नाही, उलट कधीकधी पदरमोड होते. दर नेमका कसा ठरवतात?

या पत्रावर मी पूर्ण शनिवार घालवला, कारण सुरुवातीची तीन वर्षं मीही नेमकं हेच करत होते. दुसऱ्यांचे हिशेब तपासणारी बाई स्वतःच्या कामाचा हिशेब मांडत नव्हती. चौथ्या वर्षी मी एक वही केली आणि प्रत्येक कामाची मिनिटं तीत लिहायला लागले. त्या वहीतलं एक साधं, एका तासाचं शूट इथे उतरवते.

फोन आणि निरोप ४० मिनिटं. बॅटऱ्या चार्ज करणं, कार्डं रिकामी करणं, बॅग भरणं ३०. जाणं-येणं ६०. दिवे लावणं २०. फोटो काढणं ६०. आवराआवर १५. घरी येऊन फोटो उतरवणं आणि त्यांची प्रत करणं २०. निवड ४५. दहा फोटोंचं एडिटिंग, प्रत्येकी ८ मिनिटं, म्हणजे ८०. फोटो पाठवणं आणि त्यावरची बोलणी २५. बेरीज ३९५ मिनिटं, सहा तास ३५ मिनिटं. साडेसहा धरू. कॅमेरा हातात असतो तो त्यातला एक तास.

आता सामानाचा खर्च. आकडे तुमचे तुम्ही घाला; मी तो पैशांऐवजी तासांत मांडते, म्हणजे कुणालाही लावता येईल. समजा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून तुमच्या ३०० तासांच्या कमाईएवढे पैसे गेले. हे सामान पाच वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ६० तास. दुरुस्ती, विमा, सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, बॅटऱ्या असा वरखर्च आणखी ४० तासांचा. वर्षाचे झाले १०० तास. वर्षात ४० शूट होत असतील तर प्रत्येकावर अडीच तासांचा भार येतो. २० च होत असतील तर पाच तासांचा. हा आकडा गेल्या वर्षीच्या डायरीतून मोजा. यंदा किती कामं येतील या आशेवर तो लिहू नका.

साडेसहा अधिक अडीच म्हणजे नऊ. तुमच्या एका तासाच्या शूटची किंमत तुमच्या नऊ तासांची आहे. कर भरावा लागत असेल तर तो याच्या वर.

तुमचं घोडं अडलंय ते चाळीस फोटोंवर. चाळीस फोटोंना प्रत्येकी ८ मिनिटं म्हणजे ३२० मिनिटं. माझ्या यादीतले ८० काढून तिथे ३२० घातले की एकूण साडेदहा तास होतात आणि सामानाचा भार धरून तेरा. तुम्ही घेता एका दिवसाचे, म्हणजे आठ तासांचे. दर रविवारी पाच तास तुम्ही लोकांना भेट देत आहात आणि त्यांना ते ठाऊकही नाही. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

म्हणून दर वाढवण्याआधी फोटो कमी करा. दहा किंवा बारा द्या आणि निवड तुम्ही करा. चाळीसमध्ये एकाच हसण्याच्या चार छटा असतात. भिंतीवर त्यातली एकच लागते. जास्त हवे असतील तर प्रत्येक जादा फोटोचा दर आधीच लिहून ठेवा. फोटो कमी केलेत की तुमचा आकडा आठवरून नऊवर न्यायचा आहे, तेरावर नाही, आणि एवढी वाढ सांगताना जीभ अडखळत नाही.

राहिला प्रश्न एका तासाचे किती धरायचे. निदान तुमच्या नोकरीत तासाला जेवढे पडतात तेवढे: महिन्याचा पगार भागिले महिन्याचे कामाचे तास. आठवडाभर राबून रविवारी पुन्हा उभं राहणाऱ्या माणसाचा तास शुक्रवारच्या तासापेक्षा स्वस्त कसा असेल? आपल्या भागात इतर लोक काय घेतात याचा कानोसा जरूर घ्या, पण तो आकडा स्वतःचा काढून झाल्यावर. आधी दुसऱ्याचा दर ऐकला की आपण त्यातून थोडे वजा करतो आणि त्यालाच आपला दर म्हणायला लागतो.

आणि एक विचारायचं राहिलं. शाळेची अशा बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागते का, ते पाहून घ्या.

दर सांगितला की शेजारी म्हणतात, "फारच झाले, जरा कमी करा." ओळखीत घासाघीस करायला जीव होत नाही. सवलत द्यावी का?

तेवढ्याच कामाचे कमी पैसे घेऊ नका. कमी पैशांत बसेल असं लहान काम ठेवा.

१८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने छोट्या भेटकार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं. अनेक भिंगांचा कॅमेरा वापरून एकाच प्लेटवर आठेक फोटो घ्यायचे, ती एकदाच धुवायची, एकदाच छापायची आणि कागद कापून वेगळे करायचे. मेहनत विभागली गेली, पोर्ट्रेट स्वस्त झालं आणि ज्यांना पूर्वी परवडत नव्हतं ते रांगा लावून आले. त्याने आपली मेहनत फुकट दिली नाही, ती वाटून टाकली.

तुम्हीही महिन्यातली एक दुपार ठरवा. दिवे एकदाच लावा, भिंत एकच, आणि पाच कुटुंबं एकामागून एक, प्रत्येकी २० मिनिटं आणि तीन फोटो. मी हे मोजून पाहिलं आहे. प्रवास, बांधाबांध, दिवे लावणं, फोटो उतरवणं हे १४५ मिनिटांचं काम पाच जणांत वाटलं की माणशी २९ मिनिटं. फोन, फोटो काढणं, मधली दहा मिनिटं, निवड, तीन फोटोंचं एडिटिंग आणि पाठवणं मिळून माझी ११४ होतात. म्हणजे कुटुंबामागे दोन तास २३ मिनिटं. पूर्ण शूटच्या निम्म्याहून कमी दर लावूनही तुमचं नुकसान नाही. शेजाऱ्यांना सांगताना भीडही वाटणार नाही: "मोठं शूट एवढ्याचं आहे, पहिल्या रविवारी छोटं असतं, ते एवढ्यात होतं." वीस मिनिटं मात्र वीसच ठेवा, पुढचं कुटुंब दारात उभं असतं.

बहीण, मावशी, चुलतभाऊ सगळ्यांना फुकट हवं असतं. नाही म्हणवत नाही.

ज्यांच्यासाठी मनापासून करावंसं वाटतं त्यांच्यासाठी करा, आनंदाने करा. माझ्या बहिणीच्या मुलांचे सगळे फोटो मी काढलेत आणि त्यातल्या एकाचेही पैसे मला कधी नको होते. फक्त वर्षाला किती फुकट शूट करायचे तो आकडा जानेवारीतच ठरवा. माझा चार आहे. पाचव्याला मी सांगते, "यंदाचे माझे चार झाले, पुढच्या वर्षी पहिला तुझा." आणि फुकट कामाचंही बिल करा: पूर्ण रक्कम लिहा, खाली "भेट" म्हणून तेवढीच वजा दाखवा. मावशीला कळतं की तिला काय मिळालं, आणि ती जेव्हा कुणाला तुमचं नाव सुचवते तेव्हा दर विचारला गेला तर तो तिला माहीत असतो.

दोन मेमरी कार्डांची सोय असलेला कॅमेरा महाग आहे. हौशी-अर्धवेळ कामाला ती खरंच लागते का?

पैसे घेत असाल तर लागते. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते आणि तो अनुभव अजून टोचतो.

तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एका कार्डाचा कॅमेरा होता. एका घरी सहा महिन्यांच्या बाळाचे फोटो काढले. त्या आईची एकच मागणी होती: दात यायच्या आधीचं त्याचं बोळकं हसू तिला हवं होतं. बाळ त्या दिवशी भलतंच खुशीत होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी तिला एक फोटो दाखवला, तिने तो बघून डोळ्यांना पदर लावला. घरी आल्यावर कार्ड उघडेना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावलं, रीडर बदलला, फोटो परत काढून देणाऱ्या माणसाकडे नेलं. एकही फोटो निघाला नाही.

फोन करायला मला दोन तास लागले. पैसे परत दिले, पुन्हा येते म्हणाले. त्यांच्या आणि माझ्या सवडीचा दिवस जुळेपर्यंत पाच आठवडे गेले, आणि मी दारात पोचले तेव्हा बाळ माझ्याकडे बघून हसलं. खाली दोन पांढरे दाणे चमकत होते.

ते पुन्हा काढलेले फोटो चांगले आहेत. आई मला आजही दरवर्षी बोलावते. पण तिने मागितलेला फोटो या जगात कुठेच नाही.

त्यानंतर मी दोन कार्डांचा कॅमेरा घेतला. नवी फॅशनेबल बॉडी नको, दोन खाचा असलेली जुन्या पिढीची वापरलेली चालेल, तीच घ्या. दोन्ही कार्डांवर एकच फोटो एकाच वेळी लिहिला जाईल अशी सेटिंग करा. बऱ्याच जणांचा कॅमेरा पहिलं कार्ड भरल्यावर दुसऱ्यावर जायच्या सेटिंगवर असतो आणि मग दोन खाचांचा काही उपयोग होत नाही. घरी आल्यावर तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. तीन प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. जोवर एकाच खाचेचा कॅमेरा आहे तोवर शूटच्या मध्यावर कार्ड बदला. निम्मं तरी हाती राहील.

एका गिऱ्हाइकाने "सगळ्या रॉ फाइल द्या, आम्हीच एडिट करू" असा आग्रह धरला आहे. द्याव्यात का?

मी देत नाही. रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला, एडिट न केलेला कच्चा फोटो, अर्धं झालेलं काम. त्यात डोळे मिटलेले, फोकस हुकलेले फोटोही असतात, आणि त्यावर कुणी हिरवी-जांभळी छटा चढवून तुमच्या नावाने लावली तर ती तुमची म्हणून ओळखली जाते. पण नकार शूटनंतर दिला तर तो आडमुठेपणा वाटतो. म्हणून तारीख ठरतानाच चार ओळी लिहून पाठवा: किती फोटो मिळतील, किती दिवसांत मिळतील, रॉ फाइल मिळणार नाहीत, एकदा किरकोळ बदल करून मिळेल. त्याच निरोपात निम्मी रक्कम आगाऊ मागा आणि उरलेली फोटो हाती देण्याआधी. आगाऊ रक्कम मागायला लागल्यापासून माझ्याकडे ऐनवेळी रद्द होणारी शूट जवळजवळ बंद झाली.

तुमच्या बाबतीत बोलणं झालेलं नसेल तर या वेळी शांतपणे विचारा की त्यांना नेमकं काय बदलायचं आहे. बहुतेकदा एखादा फोटो काळा-पांढरा हवा असतो किंवा पोट जरा कमी दिसायला हवं असतं. तेवढं करून द्या.

डॉक्टरबाईंचा पोर्ट्रेट मी घरगुती दराने काढला. आता तो त्यांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत, मोठ्या फलकावर दिसतो आहे. जास्त पैसे मागता येतात का?

लेखी काही ठरलं होतं का, यावर ते अवलंबून आहे. फोटोचे हक्क कुणाचे याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, म्हणून आपला कागद आपणच करावा. फोटो घरच्या भिंतीसाठी आहे की धंद्यासाठी, हे पहिल्या फोनवरच विचारा. धंद्यासाठी असेल तर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठे वापरणार, किती काळ, केवढ्या आकारात. वेबसाइटवर वर्षभर आणि रस्त्यावरच्या फलकावर तीन वर्षं, यांचा दर एक असू शकत नाही. बाईंशी भांडू नका. पुढच्या वेळचा दर आणि कागद आत्ताच पाठवा, आणि या फोटोखाली तुमचं नाव द्यायची विनंती करा. आणि तुम्हाला तो फोटो तुमच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायचा असेल तर त्यांची परवानगी तुम्हीही लेखी घ्या. हा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे.

वापरलेली लेन्स घेताना काय बघायचं?

मोबाइलची बॅटरी लावून लेन्सच्या आरपार, मागून आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; परत करा. चारदोन धूलिकण चालतात. छिद्राची पाती कोरडी हवीत, तेल नको. मग तिच्या सर्वांत मोठ्या छिद्रावर छापील मजकुराचा फोटो काढा आणि चारही कोपरे सारखेच तीक्ष्ण आहेत का ते मोठं करून बघा. बॉडी घेत असाल तर शटर किती वेळा उडालंय तो आकडा मागा. त्या मॉडेलचं शटर एक लाखासाठी बनवलंय की दोन लाखांसाठी, ते आधी शोधून ठेवा.

वयस्क माणसांच्या चष्म्यावर छत्रीचं प्रतिबिंब येतं. चष्मा काढायला सांगितला की ते ओळखू येत नाहीत. काय करावं?

चष्मा काढायला सांगू नका. तीस-चाळीस वर्षं घातलेला चष्मा हा चेहऱ्याचाच भाग असतो, आणि काढला की नाकावर दोन लाल खळगे दिसतात, डोळे भांबावतात.

गेल्या महिन्यातलंच सांगते. ऐंशीच्या घरातले एक आजोबा, जाड भिंगांचा चष्मा, अरुंद खोली. दोन्ही भिंगांत अख्खी छत्री, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चंद्र. आधी मी छत्री वीतभर वर नेली. चंद्र वर सरकले, पण पुरते गेले नाहीत. आणखी वर नेली तर भुवयांखाली अंधार होऊन डोळे खोल जात होते. मग छत्री बाजूला नेली आणि आजोबांना चेहरा छत्रीपासून थोडा पलीकडे वळवायला सांगितला. उजेड ज्या कोनात भिंगावर पडतो त्याच कोनात परत फिरतो. तो कॅमेऱ्याच्या वाटेवरून हटवायचा, एवढाच खेळ आहे. तरी एका कडेला पांढरी कोर उरली.

शेवटी विचारलं, "आजोबा, चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा बोट वर उचलू का?" ते म्हणाले, "उचल की." काड्या उचलल्या की भिंगं जमिनीकडे किंचित कलतात, समोरून ते कळतही नाही. केस कानावर असतील तर काडी त्यांत लपते. आजोबांचे नव्हते, म्हणून मी चेहरा जरा आणखी वळवून घेतला. कोर नाहीशी झाली. थर्माकोलचा ताव त्यांनी स्वतःच मांडीवर आडवा धरला, खालून थोडा उजेड उसळला आणि भिंगामागच्या डाव्या बुबुळात छत्रीचा एक बारीकसा ठिपका उठला. त्या फोटोला मला पंचवीस मिनिटं लागली. वहीत ती "दिवे लावणं" याच रकान्यात लिहिली आहेत.